मिर्टाझापिन, सात महिने : एका मुद्रितशोधक बाईचा अभिप्राय

मिर्टाझापिन ही नैराश्यावरची गोळी, मी ती नैराश्यासाठीच घेते. आधी हिशेब सांगून टाकते. रात्री १५ मिलिग्रॅमने सुरुवात, सहाव्या आठवड्यापासून ३०. वजन साडेचार किलोंनी वाढलं. झोप पहिल्याच रात्री आली, पण मन ताळ्यावर यायला दोन महिने लागले. तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा सकाळच्या गुंगीने खाल्ला आणि एक वजनकाट्याने.

गोळी सुरू करण्याआधी मी लोकांचे अनुभव वाचत बसले होते. (बसू नये, पण आपण बसतोच.) दोनच प्रकार सापडले : ‘या गोळीने जीव वाचवला’ आणि ‘तिसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकली’. दुसऱ्या प्रकारचे जास्त. तिसऱ्या दिवशी अशा गोळीचा फक्त त्रास कळतो, गुण यायची वेळच झालेली नसते. पहिला आठवडा कसा जातो, दुसऱ्यात काय कमी होतं, चौथ्यात काय उरतं, हे कुणी लिहिलेलं दिसेना. म्हणून पहिल्या रात्रीपासून मी वही ठेवली.

त्याआधी अकरा महिने एस्सिटालोप्रॅम ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी घेत होते, शेवटी २० मिलिग्रॅम. वाईट औषध नव्हे ते. रडणं थांबलं, आंघोळ रोज व्हायला लागली, फोन उचलायला लागले. पण पुढे गाडी सरकेना. माझं काम मुद्रितशोधनाचं. एक दिवस प्रुफात ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ ऱ्हस्व छापलेला दिसला. मी तो लाल शाईने दुरुस्त केला आणि मला काहीही वाटलं नाही. हा शब्द वीस वर्षं माझं डोकं फिरवत आलाय! चूक दिसत होती, राग येत नव्हता. तेव्हा कळलं की आत काहीतरी बोथट झालंय. ते आजारामुळे की गोळीमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

शिवाय जांभया. झोप आलेली नसताना एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लेखक समोर बसून आपल्या प्रस्तावनेबद्दल बोलतोय आणि मी जांभया देतेय. रात्री घामाने उशी ओली. पहाटे साडेतीनला टक्क जाग. आणि एक गोष्ट, जी मी डॉक्टरांना तिसऱ्या भेटीत, तेही उठून दारापर्यंत गेल्यावर सांगितली : शरीरसंबंधांतली इच्छा पार आटली होती. डॉक्टरांनी परत बसायला सांगितलं. म्हणाल्या, या गटातल्या औषधांनी हे पुष्कळांना होतं, फक्त सांगत कुणी नाही, मग एक दिवस लोक न विचारता गोळी बंद करतात. ही गोष्ट पहिल्याच भेटीत बोलून टाका. माझे आठ महिने संकोचात गेले.

औषध बदलायचं ठरलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. जणू नापास झाले. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासाचं सांगितलं. त्याचे निकाल २००६ साली आले. पहिल्या औषधावर साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले होते. ते पहिलं औषध होतं सिटालोप्रॅम, म्हणजे माझ्या गोळीचं सख्खं भावंड. एवढ्याने माझी लाज गेली नाही, पण मला संगत मिळाली.

बदल एका रात्रीत झाला नाही. जुनी गोळी २० वरून १०, मग ५, मग बंद. आणि त्याच काळात नवी सुरू. दोन्ही पोटात असताना ताप, खूप घाम, थरथर आणि बेचैनी एकदम आली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, अशी ताकीद होती. माझ्यावर ती वेळ आली नाही. आले ते झटके. जुनी गोळी ५ वर आली तेव्हा डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुखत नव्हतं, पण जग अर्ध्या सेकंदापुरतं तुटायचं. नजर बाजूला वळवली की हमखास. आणि माझं काम काय, तर नजर डावीकडून उजवीकडे नेणं! ओळ संपायची, डोळे पुढच्या ओळीकडे वळायचे, झर्र. दर ओळीला एक. शेवटी कागदावर पट्टी ठेवून, मान वळवत, एकेक ओळ वाचली. बारा दिवसांनी झटके थांबले. ते जुनी सुटण्याचे होते, नवीच्या खात्यावर लिहू नका.

आता नवीकडे. पहिल्या रात्री दहाला गोळी घेतली, पावणेअकराला पुस्तक हातातून पडलं. सलग नऊ तास. कित्येक महिन्यांनी पहाटेचा साडेतीन मी पाहिला नाही. पण सकाळी उठले ती डोक्यात ओला कापूस भरल्यासारखी. ब्रशवर पेस्ट लावली आणि तो तसाच हातात धरून उभी राहिले, किती वेळ ते नवऱ्याला विचारा. ही गोळी शरीरातून निम्मी जायलाच २० ते ४० तास घेते, त्यामुळे सकाळी ती हजर असतेच. पहिले दोन आठवडे मी गाडी चालवली नाही. दारू नकोच, ती ही गुंगी वाढवते. गोळीची वेळ दहावरून साडेआठवर आणली, तेव्हा सकाळ जरा माणसात आली.

गंमत अशी की कमी मात्रेत झोप कमी येईल असं वाटतं आणि बहुतेकदा होतं उलटं. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या हिस्टामाइन या शरीरातल्या रसायनाला अडवतात आणि पेंग आणतात. मिर्टाझापिनही तेच करतं, आणि थोड्या मात्रेतही जोरात. मात्रा वाढली की नॉरअ‍ॅड्रेनलिन या तरतरी आणणाऱ्या रसायनाची बाजू जागी होते आणि काहींची गुंगी उतरते. माझी ३० वर थोडी उतरली, सगळी नाही. डॉक्टरांना न विचारता कुणी गोळी अर्धी करून ‘गुंगी कमी करतो’ म्हणत असेल, तर त्याचा डाव उलटायची शक्यता मोठी.

भूक. इथे जरा थांबते, कारण ‘भूक वाढते’ या दोन शब्दांत ती मावत नाही. जेवून उठल्यावर अर्ध्या तासाने मी स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडत उभी असायची. पोट भरलेलं असायचं. पोटाचा काही संबंधच नव्हता. गोड हवं, आणि आत्ता हवं. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री अर्धवट झोपेत उठून मी काय खाल्लं ते सकाळी ताटलीवरून ओळखावं लागलं. वजन ६१.४ वरून सहा आठवड्यांत ६४ झालं. मग तीन गोष्टी केल्या : गोड घरात आणणं बंद, रात्रीचं जेवण गोळीच्या आधी, आणि दर सोमवारी वजन वहीत. वाढणं थांबलं नाही, मंदावलं. सध्या ६५.९, दोन महिने तिथेच आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलही तपासून घेतलं, या गोळीने तेही वाढू शकतं. ज्यांचं आजारपणात वजन घटलंय त्यांना ही भूक वरदान वाटेल. मला वाटली नाही. दोन कुर्ते शिवणीला उसवले.

बाकीचं भरभर. तोंड कोरडं : उशाशी पाणी. पाय रात्री शांत राहीनात, पोटऱ्यांत वळवळ : तीन आठवडे, मग गेली. स्वप्नं मात्र भन्नाट. एका स्वप्नात एक गृहस्थ दारोदार अनुस्वार विकत होते, सुटे, मोजून, आणि मी घासाघीस करत होते. मळमळ अजिबात नाही, जी मागच्या गोळीने दोन आठवडे छळत होती. आणि ज्या गोष्टीसाठी मी दारातून परत वळले होते, ती तिसऱ्या महिन्यात हळूहळू परत आली. जास्त लिहीत नाही, नवरा हे वाचणार आहे.

एकदा घाबरले. तिसऱ्या आठवड्यात घसा दुखला, ताप आला. एरवी मी काढा पिऊन झोपले असते. पण या गोळीने फार क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, म्हणून ताप आणि घसा एकत्र आले तर कळवायचं, असं बजावलं होतं. कळवलं. त्याच दिवशी रक्त तपासलं, पेशी ठीक, साधं दुखणं निघालं. दुसरी ताकीद विचारांबद्दल होती. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना जगणं नको वाटण्याचे विचार वाढले तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. २५ वर्षांच्या आतल्यांनी जास्तच जपायचं. माझं वय ४४, तरी नवऱ्याला हे माझ्यासमोर सांगितलं गेलं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं केलं.

आणि गुण? पाचव्या आठवड्याच्या शेवटी मी वहीत लिहिलंय, ‘झोपते, खाते, बाकी तशीच. बंद करावी.’ डॉक्टरांकडे दर वेळी नऊ प्रश्नांचा कागद भरायचा असतो, २७ पैकी गुण, जितके जास्त तितकं वाईट. सुरुवातीला १९ होते, त्या दिवशी १४. माझ्या मते फरक शून्य, कागदावर पाच. आमच्या धंद्यात स्वतःचं लिखाण स्वतः तपासत नाहीत, डोळे जे असायला हवं तेच वाचतात. इथे उलटं होतं : माझे डोळे जे बिघडलेलं असेल तेच वाचत होते. डॉक्टरांनी ते १४ धरले, माझं वाक्य नाही, आणि मात्रा ३० केली.

नवव्या आठवड्यात आम्ही कुणाच्या तरी समारंभाची पत्रिका बघत होतो. नवरा म्हणाला, “अगं, तू मगापासून बडबडतेयस.” मी म्हणाले, “मग काय! ‘आशिर्वाद’ छापलंय, आणि तेही तीनदा.” तो पत्रिका हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्या महिन्यात कागदावर ७ आले.

बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची आहे, मग पायरी पायरीने कमी. मध्ये एकदा प्रवासात दोन रात्री विसरले : झोप गेली, चिडचिड झाली, पुढच्या रात्री नेहमीचीच मात्रा घेतली, दुप्पट नाही. सकाळ अजूनही नऊच्या आधी सुरू होत नाही. प्रकाशकांना सांगून ठेवलंय, प्रुफं आठला पाठवलीत तरी चालतील, पण आठला वाचलेल्या पानांची जबाबदारी माझी नाही.