वालपाराईच्या पावसात दोन भागांचा रेनसूट: जून ते नोव्हेंबरचा अनुभव

कोईमतूरमध्ये सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायात असलेल्या, मूळच्या खानापूर-आटपाडीकडच्या आम्हा मित्रांचा मोटारसायकलींचा एक गट आहे. शनिवारी दुपारी निघायचे, पोल्लाची आणि आळियारमार्गे वालपाराईला मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचे, हा आमचा पावसाळ्यातील ठरलेला क्रम. त्यासाठी मी जूनच्या सुरुवातीला, नेहमीच्या रायडिंग जॅकेटवरून घालता येईल असा, जॅकेट आणि पँट वेगवेगळी असलेला रेनसूट घेतला. नोव्हेंबरअखेरपर्यंत तो नियमित वापरला असून, खरेदी करताना कापडापेक्षा शिवणी अधिक बारकाईने पाहाव्यात, असे माझे मत त्यातून पक्के झाले आहे.

पालघाट खिंडीच्या पूर्वेला असलेल्या कोईमतूरला नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेताचाच मिळतो आणि शहराचा खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. याउलट सुमारे ३,५०० फूट उंचीवरील वालपाराईच्या चहाच्या मळ्यांत जून-जुलैमध्ये दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही, आणि जवळच्या चिन्नकल्लारची गणना तर दक्षिणेतील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत होते. त्यामुळे घरून कोरडे निघायचे आणि आळियारच्या पुढे ४० हेअरपिन वळणांचा घाट सुरू होण्याआधी रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या सूट चढवायचा, असे दर वेळी करावे लागते. माझ्या पँटची बाजूची चेन गुडघ्यापर्यंत उघडत असल्याने बूट न काढता ती घालता येते. ही सोय दुकानात क्षुल्लक वाटते, परंतु सगळा गट इंजिने सुरू ठेवून थांबलेला असताना तिची किंमत कळते.

लेबलवर कापडाची क्षमता १०,००० मिलिमीटर अशी दिलेली आहे. म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते सोसू शकते. आजवर कापडातून एकदाही पाणी आलेले नाही, हे मी समाधानाने नमूद करतो. पाणी आले ते शिवणीतून. गाडीवर बसल्यावर छातीवरून ओघळलेले पाणी मांड्यांच्या मध्ये, टाकीला लागून साचते. नेमक्या तिथेच पँटच्या चार शिवणी एकत्र येतात आणि बसण्याचा ताणही तिथेच पडतो. सप्टेंबरमध्ये पँट उलटी करून पाहिली, तेव्हा त्या जागी आतून चिकटवलेल्या टेपची कडा नखाने उचलता येईल इतकी सुटलेली होती. बाकी सर्व शिवणी शाबूत होत्या.

वेगाचाही मोठा फरक पडतो. वालपाराईच्या परिसरात हत्ती जवळ असल्याचा इशारा देणारे, मोबाइलवरून सुरू करता येणारे लाल दिवे रस्त्यालगत बसवलेले आहेत. संध्याकाळी असा दिवा लागलेला दिसल्यावर आम्ही भर पावसात बराच वेळ थांबून राहिलो, तरी आत थेंबही शिरला नाही. पुढे वाऱ्याला तोंड देत गाडी चालवल्यावर मात्र गळ्याशी ओल जाणवू लागली, कारण चेनवरील वेल्क्रोची पट्टी वरच्या टोकाला अपुरी पडते. गळ्याभोवती लोकरी पट्टा घेतल्याने पाणी थांबत नाही, उलट तो पट्टाच ते शोषून आत पोहोचवतो. मनगटाशी हातमोजा बाहीच्या आत घालावा. बाहेर ठेवल्यास बाहीवरून आलेले सगळे पाणी बोटांपर्यंत जाते आणि गारठलेल्या बोटांनी ब्रेक उशिरा लागतो. धुक्यात एकामागोमाग चालणाऱ्या गटात हा धोका फक्त स्वतःपुरता राहत नाही.

घाम हा या सूटचा खरा कमकुवत भाग आहे. कापडातून वाफ बाहेर जाते असा उत्पादकाचा दावा आहे आणि कोईमतूरच्या हवेत तो काही अंशी खराही ठरतो. परंतु ढगात बुडालेल्या घाटात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेव्हा आतली वाफ जाणार कुठे? मळ्यातल्या पाने खुडणाऱ्या बायका ओल्या झुडपांपासून बचावासाठी कमरेला जाड प्लास्टिक गुंडाळतात आणि ते खाली मोकळे असल्याने हवा खेळती राहते. आपल्याला गाडीवर ते शक्य नाही. म्हणून काखेखाली हवेसाठी चेन असलेले जॅकेट मिळाल्यास थोडे अधिक पैसे जरूर द्यावेत.

माप नेहमीपेक्षा एक क्रमांक मोठे घ्यावे आणि शक्य असल्यास दुकानात गाडीवर बसून पाहावे, कारण उभे असताना पुरेशी वाटणारी पँट बसल्यावर घोट्याच्या वर सरकते. सूट उन्हात न टाकता सावलीत उलटा टांगावा, आणि ओला असताना घडी घालून डिकीत ठेवू नये; टेप त्यानेच लवकर सुटते. माझ्या पँटची सुटलेली शिवण मी पुढच्या जूनपूर्वी पुन्हा टेप लावून घेणार आहे. जॅकेट आणखी एक पावसाळा निश्चित चालेल.