अपंगत्वाची देशोदेशी तुलना: सहा प्रश्न की हूडास?

दोन देशांतील ज्येष्ठांच्या दैनंदिन कार्यक्षमतेची तुलना करायची, तर जनगणनेचे आकडे फारसे कामाला येत नाहीत. २०११च्या भारतीय जनगणनेत २.२१ टक्के लोक अपंग ठरले. पुढे २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केल्यावर तो आकडा आपल्याच नव्या आकड्याशीही ताडून पाहणे कठीण झाले. उरतात ते वॉशिंग्टन ग्रुप या अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची काळजी घेणे आणि संवाद साधणे यांतील अडचणींविषयीचे सहा प्रश्न आणि जागतिक आरोग्य संघटनेची हूडास २.० ही दैनंदिन कार्यक्षमता मोजणारी प्रश्नावली.

हूडासचा आवाका मोठा, हे मान्यच करावे लागेल. माणसांत मिसळणे, समाजात सहभागी होणे, आजारपणाचा मनावरचा ताण हे सारे त्यात येते. सहा प्रश्नांत मात्र नैराश्याने अंथरुणाला खिळलेली व्यक्ती निसटून जाऊ शकते आणि ही उणीव किरकोळ नाही.

तरीही गोव्यातील फोंडा तालुक्यातील वाड्यांवर मुलाखती घेताना मला अडवले ते हूडासमधील घरकामाच्या प्रश्नाने. गेल्या ३० दिवसांत घरातल्या जबाबदाऱ्या पार पाडताना किती अडचण आली, असे विचारल्यावर एकत्र कुटुंबातील आजी सांगत, ‘सुना कशालाच हात लावू देत नाहीत’. आणि मुले आखातात असल्याने एकटी राहणारी, तितकेच गुडघे दुखणारी शेजारीण ‘खूप अडचण’ असे उत्तर देई. न केलेले काम गुणांकनातून वगळता येते, हे खरे. पण ते काम सुनांच्या आदरामुळे सुटले की गुडघ्यांमुळे, हे ठरवायचे प्रगणकाच्या अंदाजाने. एका वाड्यावर हा घोळ, तर गोव्याची तुलना पोर्तुगालशी करताना गुडघे मोजले जातील की घरची रीत, याची मला खात्री वाटेना. उलट चालताना किंवा पायऱ्या चढताना किती त्रास होतो, याचे उत्तर द्यायला सुनेचा विचार करावा लागत नाही. घरापुढचा बाल्काव, म्हणजे पायऱ्यांचा ओटा, चढताना दोघींचेही गुडघे सारखेच कुरकुरतात.

उपचारापूर्वी आणि उपचारानंतर एकाच रुग्णाची स्थिती पाहायची असेल, तर मीही कदाचित हूडासच घेईन, कारण तेव्हा घर तेच राहते. देशोदेशीच्या पाहणीसाठी मात्र मी सहा प्रश्न घेतले, त्यांना त्याच गटाच्या विस्तारित संचातील चिंता व नैराश्याचे प्रश्न जोडले आणि किमान एका प्रश्नाला ‘खूप अडचण’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ असे उत्तर आले, तरच अपंगत्व धरायचे, ही त्यांची शिफारस सहा प्रश्नांपुरती जशीच्या तशी ठेवली.