ब्रिटनचा जोडीदार व्हिसा: पगार दाखवावा की बचत?

नवरा ब्रिटिश नागरिक, दोघंही पुण्यात, आता तिकडे स्थायिक व्हायचंय. पैशांची अट कशी भागवायची?

पगारावर: वर्षाला २९,००० पौंड. बायकोचा इथला पगार धरत नाहीत. नवऱ्याची भारतातली कमाई तेवढी हवी, शिवाय परतल्यावर तीन महिन्यांत सुरू होणारी तेवढ्याच पगाराची नोकरी हातात हवी. बहुतेकांचं इथेच अडतं.

बचतीवर: ८८,५०० पौंड, सलग सहा महिने. मध्येच शिल्लक खाली गेली तर अर्ज फेटाळला जातो. आईवडिलांनी दिलेले पैसे चालतात, उसने नाहीत. रुपयांचा हिशेब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो. रुपया घसरला तर रक्कम कमी पडते, म्हणून चार पैसे जास्तच ठेवा.

तिकडची नोकरी पक्की असेल तर पगार बरा. नोकरी तिथे जाऊनच शोधायची असेल आणि रक्कम जवळ असेल, तर बचत.