मोसमी बूस्टर घ्यावा की आहे त्या प्रतिकारशक्तीवर राहावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर लस घ्यायची की नाही, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत ज्याने त्याने सोडवायचा झाला. सुरुवातीचे डोस झालेले आहेत, एकदोनदा लागणही होऊन गेली आहे, आणि आता दर मोसमात नव्याने येणारा बूस्टर घ्यावा की आहे त्या प्रतिकारशक्तीवर निभावून न्यावे, अशा विचारात जे आहेत त्यांच्यासाठी हा आढावा आहे. मी एक मोसम बूस्टरशिवाय आणि त्यानंतरचा बूस्टर घेऊन काढला आहे.

बूस्टर न घेण्याची बाजू लेचीपेची नाही, हे आधीच मान्य करायला हवे. लस आणि लागण या दोहोंतून मिळालेले संरक्षण गंभीर आजाराविरुद्ध बराच काळ टिकते. झपाट्याने ओसरते ते साध्या लागणीविरुद्धचे संरक्षण, आणि ते नव्या बूस्टरनंतरही काही महिन्यांतच ओसरते. म्हणजे निरोगी तरुण माणसाला दरवर्षी टोचून घेऊन जे मिळते ते थोडे आणि अल्पकाळ टिकणारे असते. ब्रिटनने २०२५ च्या शरद ऋतूत बूस्टरसाठीची वयाची अट ६५ वरून ७५ वर नेली. अमेरिकेच्या औषध नियामकानेही त्याच वर्षी नव्या लशींची मान्यता ६५ वर्षांवरील आणि जोखमीचा आजार असलेल्या लोकांपुरती सीमित केली. या दुसऱ्या निर्णयावर तिथल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी कडाडून टीका केली, तरी विचारी माणूसही ‘मला याची गरज आहे का?’ असे विचारू शकतो एवढे यावरून दिसते. एमआरएनए लशीनंतर (शरीरातील पेशींना विषाणूचा एक भाग बनवण्याचा संदेश देणारी लस), विशेषतः किशोरवयीन आणि तरुण मुलांमध्ये, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ती बहुतेकांची बरी होते. पण ज्याचा स्वतःचा धोका मुळातच कमी आहे, त्याने ती हिशेबात धरली तर त्याला लसविरोधक म्हणणे अन्यायाचे आहे.

बूस्टरच्या बाजूने सांगायचे तर मुख्य गोष्ट ही की लस बदलत आली आहे. २०२३ मध्ये ती एक्सबीबी.१.५ या उपप्रकारावर बेतली गेली, २०२४ मध्ये जेएन.१ च्या कुळावर. विषाणू आपले रूप बदलत राहतो आणि शरीराची ओळख जुनी होत जाते. ती ओळख ताजी करणे हे बूस्टरचे काम. ‘मोसमी’ हा शब्द मात्र मला थोडा फसवा वाटतो. फ्लूसारखी या विषाणूला हिवाळ्याची शिस्त नाही, त्याच्या लाटा ऐन उन्हाळ्यातही आलेल्या आहेत, आणि मोहीम हिवाळ्यापूर्वी राबवण्यामागे रुग्णालयांवरचा ताण आणि फ्लूच्या लशीबरोबर ती देण्याची सोय हीही कारणे आहेत.

एवढ्यावर पारडी जवळजवळ सारखी राहिली असती. माझ्यापुरता निकाल लागला तो लागणीनंतरच्या थकव्यामुळे. बूस्टर न घेतलेल्या मोसमात मला कोविड झाला, आणि आजार म्हणून तो सौम्यच होता: ताप, घसा, खोकला, रुग्णालयाचे तोंड पाहावे लागले नाही. सरकारी आकडेवारीत असा आजार मोजण्याजोगाही नसतो. पण ताप उतरल्यानंतर कितीतरी आठवडे माझे डोके चालेना. माझे काम मजकूर तपासण्याचे आहे. एखादा परिच्छेद वाचून खाली यावे तर वरच्या ओळीत कर्ता कोणता होता ते आठवू नये, म्हणून पुन्हा वर जावे, आणि तिसऱ्यांदा वाचताना डोळे मिटू लागावेत, असे चालले होते. जिना चढून आल्यावर बोलण्याआधी थांबावे लागे. तपासण्या सगळ्या ठीक आल्या, त्यामुळे घरच्यांना आणि कचेरीत सांगायला काही नाव नव्हते, आणि हे कधी संपेल हे सांगणारेही कोणी नव्हते. ‘विषाणूसोबत जगायला शिका’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हा मधला काळ कोणी जमेस धरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याच्या तुलनेत बूस्टरचा त्रास मला परवडला. दंड दुखला, रात्री कणकण आली, दुसरा दिवस अंथरुणात गेला आणि तिथेच तो संपला. तो दिवसही मी सुट्टीला जोडून आधीच ठरवलेला होता. त्या मोसमातही मला लागण झाली, परंतु ती लवकर आवरली आणि मी थेट कामाला लागलो. हे लशीमुळे घडले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. उपप्रकार वेगळा असेल, आधीच्या लागणीचाही हात असेल. लसीकरणाने दीर्घ कोविडची, म्हणजे लागण सरल्यावरही लांबत राहणाऱ्या अशा त्रासाची, शक्यता कमी होते असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे, मात्र किती कमी होते यावर त्यांचे एकमत नाही, आणि ती पूर्णपणे जात नाही हे नक्की. तरीही माझे पारडे झुकले ते झुकलेच.

वय साठीपुढचे असेल, मधुमेह, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल, किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील, तर फार विचार न करता बूस्टर घ्यावा असेच मी सुचवेन. तरुण आणि निरोगी माणसाने नाही घेतला तरी मला त्यात बेपर्वाई दिसत नाही. त्याने बंद, गर्दीच्या जागी मास्क आणि आजारी असताना घरी राहणे एवढे मात्र पाळावे, कारण ते बूस्टर घेणाऱ्यालाही चुकलेले नाही. एमआरएनए लशीचा आधी जास्त त्रास झाला असेल, तर प्रथिनावर आधारित लस मिळते का ते डॉक्टरांना विचारावे. नुकतीच लागण होऊन गेली असेल, तर तीनेक महिने थांबायला हरकत नसते. आणि प्रवास किंवा समारंभ डोळ्यांपुढे ठेवून घ्यायचा असेल, तर तो किमान दोन आठवडे आधी घ्यावा, म्हणजे शरीराला तयारीला वेळ मिळतो.