‘तीन महिन्यांचं पिल्लू’ आणि माझे ३४,५०० रुपये

मी बँकेत नोकरीला आहे. काउंटरपलीकडच्या माणसाला ‘अनोळखी खात्यात पैसे पाठवू नका’ असं सांगण्यात माझी अठरा वर्षं गेली. त्यामुळे ऑक्टोपस विकत घेताना मीच कसा फसलो, हे लिहायला बसायलाच दोन महिने लागले. खरी रक्कम घरात फक्त बायकोला आणि धाकट्या भावाला ठाऊक आहे. आईला अजूनही ‘पाचेक हजार गेले’ एवढंच माहीत आहे, आणि तेवढ्यावरही ती ‘त्यापेक्षा पापलेट आणलं असतंस तर घरानं खाल्लं असतं’ म्हणते.

ठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये चार फुटी मरीन टँक आहे. आधी सहा वर्षं गोड्या पाण्याचे मासे, मग आरओच्या पाण्यात मीठ कालवून खाऱ्या पाण्याचा खटाटोप. ऑक्टोपसचं वेड वाचनातून लागलं. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ साली टाकीच्या झाकणाच्या फटीतून निसटला, फरशीवरून सरकत गेला आणि निचऱ्याच्या पन्नासेक मीटर लांब पाइपातून थेट समुद्रात पोचला. २००९ साली कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या मत्स्यालयात एका ऑक्टोपसने रात्री व्हॉल्व्हशी खेळून शेकडो लिटर पाणी जमिनीवर सोडलं. असं वाचल्यावर क्लाउनफिशकडे बघून मन भरेना. मला असा जीव हवा होता जो काचेपलीकडून माझ्याकडे बघेल.

तयारीत मी कसूर केली नव्हती. टँक पाच महिने चालू होता, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पाण्याची घनता १.०२५. मे महिन्यात ठाण्यात पाणी सहज ३० अंशांवर जातं, म्हणून चिलर घेतला. मासे काढून मित्राला दिले. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा लावून वर दोन विटा ठेवल्या, कारण या प्राण्याच्या अंगात कडक अशी एकच गोष्ट, त्याची चोच. ती मावेल त्या फटीतून उरलेलं अख्खं अंग निघतं. तपासला नाही तो फक्त माणूस.

विक्रेता मला समाजमाध्यमावरच्या एका गटात भेटला. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायचा. म्हणाला, “सर, बायमॅक आहे, मादी, तीन महिन्यांचं पिल्लू, घरी पैदास केलेलं. हातातून खातं.” बायमॅक म्हणजे ऑक्टोपस बायमॅक्युलॉइड्स, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची जात, दोन्ही डोळ्यांखाली निळसर वलयाचा एकेक ठिपका असतो. घरी पाळणाऱ्यांत हिला मान, कारण हिची अंडी मोठी असतात आणि पिल्लं अंड्यातून निघताच तळाशी बसतात, शिकार करतात. इतर बऱ्याच जातींची पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, पाण्यात तरंगणारी. ती वाढवणं मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही जड जातं. म्हणजे ‘घरी पैदास’ हे शब्द बायमॅकला शोभतील असेच होते. माणूस अडाणी नव्हता. त्याची प्रत्येक थाप अशी अर्ध्या सत्यावर टेकवलेली असायची, आणि माझ्यासारखं अर्धवट वाचलेलं गिऱ्हाईक त्याला बरोबर पुरत असे.

त्यानं एक व्हिडिओ पाठवला. ऑक्टोपस बरणीवर बसतो, झाकण फिरवतो, आतला खेकडा काढतो. मी तो व्हिडिओ वीस वेळा पाहिला असेल, ऑफिसात शिपायालाही दाखवला. एकविसाव्यांदा पाहिला तो सगळं आटोपल्यावर, तेव्हा टाकीमागच्या भिंतीवरचा सॉकेट दिसला: दोन चपट्या उभ्या फटी, खाली एक गोल भोक. आपल्याकडे असा सॉकेट कुणाच्या घरात असतो?

२८,००० रुपये प्राण्याचे. ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणून निम्मे त्याच रात्री यूपीआयने दिले, बाकीचे दुसऱ्या दिवशी. मग पॅकिंग आणि विमान कार्गोचे ६,५००. खात्यावरचं नाव त्याचं नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर ‘मिसेसचं खातं आहे, सर’. काउंटरवर एखाद्यानं मला हे सांगितलं असतं तर मी त्याला खुर्ची देऊन अर्धा तास समजावलं असतं.

शनिवारी दुपारी थर्माकोलचा डबा आला. प्राणी जिवंत होता, पिशवीत शाई सोडलेली नव्हती, मी खूश. दीड तास थेंबाथेंबानं टँकचं पाणी पिशवीत सोडत बसलो. आकार पाहून मात्र चपापलो. तीन महिन्यांचं पिल्लू म्हणून मी लिंबाएवढ्या अंगाची कल्पना केली होती. हे धड माझ्या मुठीएवढं. डोळ्यांखाली वलयंही नव्हती. फोनवर उत्तर तयार होतं: “सर, तो रंग बदलतो ना, मूड आला की दिसतील. आणि खायला भरपूर दिलंय, म्हणून गुटगुटीत आहे.”

मी वही केली होती, रोजची निरीक्षणं लिहायला. आता ती वाचताना कानशिलं गरम होतात.

नवा, तरणा ऑक्टोपस घरात आला की बहुधा दडी मारतो. दगडाच्या कपारीत शिरतो, तोंडाशी खडे-शिंपले रचतो, दिवसचे दिवस नुसता एक डोळा दिसतो. आमचा पहिल्याच संध्याकाळी भर उजेडात काचेवर आला. वहीत लिहिलंय, ‘अजिबात भीती नाही. माणसाळलेला!’ दुसऱ्या दिवशी दिवसभर टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मी लिहिलं, ‘घर पाहतोय.’ बिल्डिंगमधली पोरं रांग लावून बघून गेली. मी बोट पाण्यात घातलं तर एक हात हळूच आला, त्यावरच्या चिकटणाऱ्या वाट्या एकेक करून बोटाला चिकटल्या आणि सुटल्या. त्या वाट्यांनी त्याला चवही कळते, म्हणजे तो मला चाखत होता. पैसे, फसवणूक, सगळं खरं. पण ती दोन मिनिटं मी अजून कुणाला विकणार नाही.

चौथ्या दिवशी काचेला चिकटवलेला थर्मामीटर त्यानं उपटून वाळूत टाकला. मी परत लावला, सकाळी पुन्हा वाळूत. हे तीन रात्री चाललं. अमेरिकेत सिअॅटल मत्स्यालयातले रोलंड अँडरसन आणि मानसशास्त्रज्ञ जेनिफर मॅथर यांनी १९९९ साली ऑक्टोपसच्या खेळावर लिहिलं होतं: औषधाची रिकामी डबी आठ ऑक्टोपसांना दिली, त्यातले दोघं तिच्यावर पाण्याचा फवारा मारून ती पुन्हापुन्हा फिरवत राहिले. मीही डबी सोडली. ती कोपऱ्यात तरंगत राहिली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

खाण्याचं गणित त्याहून वाईट. बाजारातली कोळीण मावशी माझ्यासाठी लहान जिवंत चिंबोऱ्या वेगळ्या काढून ठेवायची. पहिल्या दोन दिवसांत त्यानं चार तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, फोडल्या. नंतर काहीच नाही. चिंबोरी त्याच्या अंगावरून चालत गेली तरी हा ढिम्म. मावशीला सांगितलं तर म्हणाली, “जो खेकडा सोडतो तो काय जगायचा नाही रे बाबा.” मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय.

आठव्या-नवव्या दिवशी कातडीवर पांढरे चट्टे आले. विक्रेता म्हणाला, बुरशी आहे, माझ्याकडे दवा आहे, १,२०० रुपये. एवढं एक शहाणपण केलं की बाटलीचा फोटो आधी मागवला आणि इथल्या ओळखीच्या मरीन दुकानदाराला दाखवला. त्यानं लेबल वाचून कपाळाला हात लावला. कॉपर सल्फेट. माशांच्या रोगांवर चालतं, पण ऑक्टोपसला पाण्यात विरघळलेलं तांबं म्हणजे विष. गंमत अशी की त्याचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळेच. मी ती दवा घेतली असती तर प्राणी दोन दिवसांत गेला असता, आणि दोष माझ्या हातून घातलेल्या औषधाला लागला असता.

चौदाव्या रात्री अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ चा लेख वाचला. ऑक्टोपसच्या म्हातारपणावरचा. लक्षणं अशी: खाणं सुटणं, डोळ्यांभोवतीची कातडी आत ओढली जाणं, हालचालीतला ताळमेळ जाणं, उगाच भटकणं, अंगावर न भरणारे पांढरे चट्टे. मी वही उघडून शेजारी ठेवली. ‘माणसाळलेला!’ आणि ‘घर पाहतोय’ ही माझीच अक्षरं.

एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकबाईंना फोटो पाठवले. त्यांनी एकच विचारलं, “तिसऱ्या उजव्या हाताचं टोक दाखवता का?” नर ऑक्टोपसचा बहुधा तोच हात वेगळा असतो, त्यानं तो मादीला वीर्याची पुडी देतो, त्यामुळे त्याच्या टोकाला वाट्या नसतात. फोटोत नव्हत्याच. म्हणजे मादी नाही, पिल्लू नाही, बायमॅकही नाही. आपल्याच कुठल्यातरी किनाऱ्यावर जाळ्यात आलेला, पूर्ण वाढलेला, बहुधा मीलन उरकलेला नर. मध्यम आकाराच्या बहुतेक जाती वर्ष-दीड वर्ष जगतात, फार तर दोन. मादी अंडी राखत उपाशी बसते आणि पिल्लं निघण्याच्या सुमारास संपते. नर मीलनानंतर काही महिन्यांत. हे आजारपण नव्हे, शरीरातच लिहिलेलं असतं. जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञानं १९७७ साली दाखवलं की डोळ्यांमागच्या दोन ग्रंथी काढून टाकल्या की अंडी राखणारी मादी पुन्हा खायला लागते आणि जास्त जगते. माझ्या हॉलमध्ये ती शस्त्रक्रिया कोण करणार? आमचा एकोणिसाव्या दिवशी पहाटे गेला. रंग जाऊन पांढरा पडला होता, दोन हातांची टोकं मात्र अजून हलत होती.

विक्रेत्याला फोन केला. आवाज शांत. “सर, लाइव्ह अरायव्हल गॅरंटी होती. दोन तासांत मेला असता तर पैसे परत. तुम्ही तर एकोणीस दिवस ठेवलात.” अटी मीच वाचून ‘ओके’ लिहिलं होतं. वर म्हणाला, पाहिजे तर निळ्या वलयांचा देतो, ४०,००० ला, रेअर पीस आहे. इथे मात्र मी ओरडलो. निळ्या वलयांचा ऑक्टोपस हा बायमॅकहून वेगळाच प्रकार, आणि त्याचं विष म्हणजे टेट्रोडोटॉक्सिन. चावा कित्येकदा जाणवतही नाही, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासावर माणूस तगवायचा, एवढाच उपाय. लहान मुलं बोटं घालतात अशा टँकसाठी तो ते विकायला निघाला होता. त्यानंतर त्यानं मला ब्लॉक केलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं की पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. तीन आठवड्यांनी काय हाती लागणार? शिवाय माल मिळालाच नाही असंही नव्हतं. ग्राहक आयोगाकडे जायचं तर समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर आणि कुणा बाईच्या खात्याचा यूपीआय आयडी. बिल मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर कदाचित व्यवहार तिथेच मोडला असता, आणि तेच बरं झालं असतं.

पुन्हा कधी घ्यायचा झालाच तर मी जाऊन बघेन. जाता येणार नसेल तर व्हिडिओ कॉलवर, त्याच वेळी, माझ्यासमोर जिवंत खेकडा टाकायला लावेन आणि तिसरा उजवा हात दाखवायला लावेन. दिवसाढवळ्या काचेवर फिरणाऱ्या, ‘फार फ्रेंडली आहे, सर’ अशा ऑक्टोपसकडे तर पाठच फिरवेन. खातं बोलणाऱ्याच्याच नावाचं हवं. पुरवलेल्या व्हिडिओत प्राण्याआधी भिंत बघायची, हे मी आता बायकोच्या साडीखरेदीतही करतो.

गेल्या आठवड्यात भावानं त्याच्या फोनवर एक जाहिरात दाखवली. नंबर नवा, विक्रेत्याचं नाव नवं, व्हिडिओ तोच, सॉकेटसकट. ‘बायमॅक, मादी, तीन महिन्यांचं पिल्लू.’ भाव आता ३२,०००. आम्ही भावाच्या नंबरवरून विचारलं, “तिसऱ्या उजव्या हाताचा क्लोजअप पाठवता का?” दोन निळ्या खुणा आल्या, ‘टायपिंग’ दिसलं, थांबलं, आणि प्रोफाइलचा फोटो गायब झाला.