प्लेसहोल्डरएपीआय आणि कमांड शेड्यूलर: फुकटात भारी जोडी, फक्त कन्सोलला नाव विचारू नका

जळगाव-भुसावळच्या पोरांचा आमचा छोटा माइनक्राफ्ट जावा सर्व्हर आहे, पेपर नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालतो. ऑनलाइन किती, टीपीएस (सर्व्हरचा वेग) किती, रीस्टार्ट कधी हे सारखं हाताने टाइप करायचा वैताग आला म्हणून प्लेसहोल्डरएपीआय टाकलं, म्हणजे मेसेजमधल्या %...% खुणेच्या जागी खरा आकडा किंवा नाव घालणारं प्लगिन (सर्व्हरला जोडायची भर), सोबत ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा एक फुकटचा शेड्यूलर प्लगिन.

पहिली गोष्ट, नुसतं प्लेसहोल्डरएपीआय टाकून काही होत नाही भो. 'पापी ईक्लाउड डाउनलोड सर्व्हर', मग 'पापी रीलोड', अशा कमांड देऊन ('पापी' म्हणजे प्लेसहोल्डरएपीआयचंच छोटं नाव) एक्स्पान्शन, म्हणजे आकडे पुरवणारी जोड, वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर चॅटमध्ये आकड्याऐवजी %सर्व्हर_ऑनलाइन% असंच दिसतं (टाकताना अर्थात इंग्रजीतच). ते झालं की सर्व्हरचे आकडे मस्त येतात, त्यात काही कटकट नाही.

खरी गंमत %प्लेअर_नेम% ची. ठरलेल्या वेळी कमांड चालवतो कन्सोल (सर्व्हरची स्वतःची कमांड खिडकी), आणि कन्सोल काही प्लेअर नाही, मग नाव कोणाचं घालणार? म्हणून शेड्यूलर घेतानाच बघा की कमांड प्रत्येक ऑनलाइन प्लेअरसाठी वेगळी चालवायची सोय आहे का, आमच्यात आहे म्हणून जमलं. पण तिथेही ब्रॉडकास्ट लावू नका, आठ जण असले तर आठही ओळी सगळ्यांना दिसतात, एकालाच मेसेज पाठवणारी 'टेल' कमांड वापरा. आता रात्री नऊला ज्याला त्याला त्याच्या नावाने 'जेवाले चाल भो, माय बलाई राह्यनी' असा मेसेज जातो, पोरं खूश. तपासायला 'पापी पार्स मी' आहे, आणि कन्सोलला काय दिसेल ते बघायचं तर 'मी' च्या जागी '--नल'.

वेळेचंही बघून घ्या. बरेचसे भाड्याचे सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) असतात, म्हणजे 21:00 लावलं की आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले, तेव्हा कोणाची माय जेवायला बोलावते! जावाच्या स्टार्टअप लाइनमध्ये यूजर डॉट टाइमझोनला एशिया/कोलकाता दिलं की सरळ होतं, पण काही होस्ट ती लाइन बदलूच देत नाहीत, पैसे भरायच्या आधी विचारा.

माझ्याकडून पाचपैकी चार. बाकी तुम्हाला नुसते सगळ्यांना हिरे वाटायचे असतील तर प्लेसहोल्डरच्या भानगडीत पडूच नका, 'गिव्ह' कमांडला '@ए' (म्हणजे सगळे प्लेअर) लावा, झालं काम.