ऑलिंपियाचं संग्रहालय: हेरॅक्लिससाठी जात असाल तर

ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या पुरातत्त्व संग्रहालयात बहुतेकांचे पाय थेट हर्मिस या देवाच्या पुतळ्याकडे वळतात आणि मधलं मोठं दालन जाता जाता उरकलं जातं. हेरॅक्लिस म्हणजे ग्रीक पुराणांतला महाबली वीर, रोमनांचा हर्क्युलिस. त्याच्यासाठी येणाऱ्यानं उलट करावं. त्याच्या बारा पराक्रमांचे संगमरवरी शिल्पपट याच दालनात, दोन्ही आखूड भिंतींवर सहा-सहा असे लावलेले आहेत. लांब भिंतींवरची भव्य शिल्पं त्याच देवळाची असली तरी त्यांची कथा वेगळी. तिथे आधी रमलात तर शिल्पपटांसाठी उत्साह उरत नाही.

हे पट ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्या देवळाचे, इ. स. पू. 470 ते 457 दरम्यानचे. प्रत्येकाची उंची साधारण 1.6 मीटर. देवळात ते बाहेरच्या खांबांच्या रांगेच्या आत, पुढच्या आणि मागच्या दारांवर बरेच उंच होते. आज ते जितक्या जवळून दिसतात तितके भाविकांना कधीच दिसले नसतील.

सुरुवात सिंहाच्या पटापासून करा. मांडणी देवळातल्या क्रमानुसार आहे, त्यामुळे कुठूनही सुरू केलं की कथेचा धागा सुटतो. सिंह मागच्या दारावरचा पहिला. इथे हेरॅक्लिसला दाढी नाही. मेलेल्या सिंहावर पाय, गुडघ्यावर कोपर आणि हातावर टेकलेलं डोकं. विजयाचा आव नाही, नुसता थकवा. पुढच्या पटांत तो दाढीवाला, पोक्त होत जातो.

सगळ्यात जास्त वेळ आभाळ खांद्यावर पेलणाऱ्या ॲटलसच्या पटाला द्या. ॲटलस सोनेरी सफरचंदं आणायला गेला तोवर हेरॅक्लिसनं आभाळ पेललंय, खांद्यावर घडी घातलेली उशी आहे. मागे त्याची पाठराखीण देवी अथीना एक हात वर करून सहज आधार देते, तिला काही जड जात नाही. समोर ॲटलस सफरचंदं घेऊन उभा. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की हेरॅक्लिस ॲटलसचं ओझं घ्यायच्या बेतात आहे. दगडात तर ओझं आधीच त्याच्या खांद्यावर आलेलं आहे! पॉसेनियसच्या यादीत पट अकराच, पाताळाची राखण करणाऱ्या सर्बेरस कुत्र्याचा राहून गेलाय. उंची लक्षात घेता दोन्ही चुका माफ.

ऑजियसचा शेणानं भरलेला गोठा हेरॅक्लिस साफ करतो, तो पट सोडू नका. ऑजियस हा ऑलिंपिया ज्या एलिसमध्ये येतं तिथलाच राजा, म्हणजे हा पराक्रम इथल्या लोकांच्या घरचा.

अडचण एकच, पण मोठी: बरेच पट तुटके आहेत. हायड्रा हा अनेक डोक्यांचा साप आणि हरिणी यांचे पट पाहताना गोष्ट आधी ठाऊक नसेल तर काहीच हाती लागत नाही. काही अस्सल तुकडे पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहेत, कारण 1829 मध्ये फ्रेंच मोहिमेनं ते नेले. इथे त्या जागी प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत. बैलाच्या पटात अस्सल दगड आणि प्लास्टर यांची सरमिसळ आहे, रंगातला फरक पाहिला की कळतं. स्टिम्फॅलस सरोवरावरच्या पक्ष्यांच्या पटात अथीना खडकावर बसून हेरॅक्लिसच्या हाताकडे पाहते, पण त्या हातातले पक्षी आता उरलेले नाहीत. हे ठाऊक नसलं की माणूस विनाकारण शोधत बसतो.

दालनाला तासभर पुरतो. उन्हाळ्यात उत्खननाचा परिसर सकाळी लवकर आणि संग्रहालय दुपारी, असा क्रम ठेवा. हिवाळ्यात वेळ कमी असते, आधी तपासून घ्या.

परिसरात स्टेडियमची धावपट्टी चुकवू नका. लांबी 192.27 मीटर, म्हणजे 600 प्राचीन ग्रीक फूट (आजचे नव्हेत), आणि दंतकथेप्रमाणे हे अंतर हेरॅक्लिसनं स्वतःच्या पावलांनी मोजलं. म्हणजे त्याचं पाऊल सुमारे 32 सेंटीमीटरचं. पायथागोरसनं यावरूनच त्याची उंची काढली, असं एक रोमन लेखक सांगतो. तुम्ही टाच-चवडा जोडत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलात तर पावलं 600 पेक्षा बरीच जास्त भरतील.